पान 113

इतकी वर्षं एका गल्लीत काढली की न सांगता एकमेकांचं दुःख कळतं.

दोनशे पानी वहीच्या डाव्या पानावर निळ्या बॉलपेनने हे वाक्य उतरवलेलं आहे. खाली कादंबरीचं नाव, पान 112, आणि आषाढातली एक तिथी. वही बेळगावातल्या अनगोळच्या एका वाचणाऱ्या बाईची. समोरच्या उजव्या पानावर तिच्या खानापूरच्या मैत्रिणीचं अक्षर आहे, जरा तिरकं, घाईतलं. त्या एका वाक्यावर तिने पाऊण पान लिहिलंय. शेजारच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळत राहिला, की सकाळी आपण न विचारता दोन भाकऱ्या जास्त थापतो, ताटलीवर ताटली पालथी घालून नेऊन देतो. दार उघडणारी काही बोलत नाही आणि आपणही बोलत नाही. वाचताना घसा दाटून यावा असं ते पान आहे. पुढे मूळ पुस्तक माझ्या हाती आलं. वाचनालयाचं, बांधणी केलेलं, कोपरे मऊ पडलेलं. पान 112 ची शेवटची ओळ 'कळतं'पाशीच संपते. पण त्या 'कळतं'पुढे पूर्णविराम नाही, स्वल्पविराम आहे. नजर समोरच्या पानावर नेली, तर 113 च्या माथ्यावर वाक्य पुढे चालू: 'असं तिला कधीच वाटलं नव्हतं.'

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

पुस्तकातली ती बाई म्हणतेय त्याच्या बरोबर उलट वाक्य वहीत आलं. तेवढंच असतं तर खोडून दुरुस्त करता आलं असतं. पण समोरचं पाऊण पान खरं आहे. भाकऱ्या खऱ्या, पालथी ताटली खरी. जे वाक्य पुस्तकात नाहीच, त्याला इतकं मनापासून उत्तर आलं, त्याचं काय करायचं? आणि उतरवणारीला दोष तरी कसा द्यायचा? आपली भाषाच अशी आहे की सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या शब्दाला ती 'नाही' म्हणते. 'तू येशील, थांबशील, जेवून जाशील असं मला वाटलं नव्हतं.' ऐकणारा 'जेवून जाशील'पर्यंत सुखावत येतो आणि उंबऱ्यावर अडखळतो. शेजारच्या कन्नडचंही तेच. तिथलं 'इल्ल' असंच मागून येतं. सीमेच्या दोन्ही अंगांच्या भाषा नकार शेवटपर्यंत राखून ठेवतात. म्हणून मराठी पुस्तकातलं वाक्य उचलताना पानाची शेवटची ओळ ही सगळ्यात धोक्याची जागा. तिथे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह नाही तर उद्गारचिन्ह डोळ्यांनी दिसल्याशिवाय पेन टेकवू नये. शेवटच्या ओळीचं वाक्य असेल तर पुढच्या पानाचे पहिले चार शब्द वाचावेत, आणि पहिल्या ओळीचं असेल तर मागच्या पानाचे शेवटचे चार.

दोघींची रीत बाकी पक्की आहे. महिना धरतात तो पंचांगातला, प्रतिपदा ते अमावास्या. आषाढ धरला की दिव्याच्या आवसेला वह्यांची अदलाबदल. इंग्रजी महिन्याची तीस-एकतीस तारीख कामाच्या गडबडीत निसटते; आवस निसटत नाही, कारण घरात दिवे घासायला निघतात, कणकेचे दिवे होतात, आणि शेजारच्या कन्नड घरात त्याच दिवशी भीमन अमावास्येची पूजा मांडलेली असते. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. कुणी ना कुणी रोज येतं-जातं, त्याच्या पिशवीतून वही जाते. आषाढात ती आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग कापडी पिशवीत, अशी दुहेरी. पिशवीचं तोंड दुमडून खाली करायचं, कारण बसमध्ये छताच्या फटीतून गळणारं पाणी वरून येतं.

वहीचं डावं पान उताऱ्याला, उजवं कोरं, मैत्रिणीसाठी राखलेलं. हा कोरा कागद फार मोलाचा. दोन्ही पानं आपणच भरली, तर दुसरी वाचते, 'छान आहे गं' म्हणते आणि वही परत येते. समोर कोरं पान दिसलं की हात शिवशिवतात. लिहायला बॉलपेनच बरं. आषाढातल्या दमट हवेत वहीचा कागद इतका ओला धरतो की शाईपेनची रेघ फुटते, आणि जेल पेनचा मजकूर वाळण्याआधी पान मिटलं तर समोरच्या कोऱ्या पानावर त्याचा उलटा ठसा उमटतो.

पुस्तकावर खूण कशी करावी हा वेगळाच विषय, आणि देवनागरीपुरता तर फारच वेगळा. शब्दांखाली रेघ मारायची सवय आपल्याला शाळेपासून. पण आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावरही कारभार आहे आणि पायाशीही. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पायमोडकी अक्षरं. जुन्या पुस्तकांत ओळी दाटीने बसवलेल्या. अशा पानावर शब्दाखाली रेघ ओढली की ती वरच्या ओळीचे उकार कापते आणि खालच्या ओळीच्या मात्रांना चिकटते. 'सुख'चा उकार रेघेत बुडतो, 'घरं'वरचा अनुस्वार रेघेखाली दडतो, आणि सहा महिन्यांनी उघडल्यावर एक घर की अनेक घरं ते कळत नाही. म्हणून रेघ आडवी नको, उभी हवी. समासात, मजकुरापासून बोटाच्या पेरभर दूर, जितक्या ओळी तितकीच उंच. वाक्य ओळीच्या मध्यावर सुरू होत असेल तर तिथे एक बारीक टिंब. बस. पेन्सिल टू बी. एचबीची टणक शीस पावसाळ्यात नरम पडलेल्या कागदावर चर काढते. खोडरबराने काळेपणा जातो, चर जात नाही. रंगीत हायलायटर तर स्वस्त छपाईच्या कागदावर आरपार उतरतो आणि मागच्या पानावर पिवळा-हिरवा डाग ठेवतो. वर्षा-दोन वर्षांत रंग विटतो, डाग तेवढा राहतो.

हे सगळं फक्त स्वतःच्या पुस्तकासाठी. वाचनालयाच्या पुस्तकाला पेन्सिलसुद्धा लावायची नाही. या बाबतीत दोघी फार कडक आहेत आणि मला ते पटतं. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 1848 सालची. इतक्या जुन्या वाचनालयाच्या गावात पुस्तक आपल्याआधी किती हातांतून गेलं आणि आपल्यानंतर किती हातांत जायचंय, याचा अंदाज ते उघडताना येणाऱ्या वासावरूनच येतो. तिथल्या पुस्तकात फक्त चिठ्ठी. कोऱ्या कागदाची, दोन बोटं रुंद, जेमतेम बाहेर डोकावेल एवढी. चिठ्ठीवर पान, ओळ, आणि वाक्याचे पहिले दोन व शेवटचे दोन शब्द. 'पान 64, वरून ओळ 9, नदीच्या काठी... निघून गेली.' ओळ मोजताना माथ्यावर छापलेलं पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव धरायचं नाही. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या वापरू नयेत; त्यांचा गोंद कागदावर थर ठेवतो, त्या थराला धूळ धरते, आणि जुन्या ठिसूळ पानावरून ओढून काढताना छापलेलं अक्षरही सोबत येतं. पुस्तक परत करताना चिठ्ठ्या मोजून काढायच्या. अकरा घातल्या तर अकरा निघाल्या पाहिजेत.

आषाढात पुस्तकाला ऊन दिसत नाही. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस लागला की खानापूरच्या घराघरांतल्या भिंती घाम आल्यासारख्या ओल्या होतात, आणि भिंतीला टेकलेलं कपाट आधी बुरशी धरतं. कपाट चार बोटं पुढे ओढावं, मागून वारा खेळला पाहिजे. पुस्तकं गच्च कोंबू नयेत; एक पुस्तक दोन बोटांत धरून सहज बाहेर येईल एवढी सैल असावीत. भिजलंच एखादं, तर चुलीजवळ किंवा उन्हात ठेवायचं नाही. पानं वेडीवाकडी आखडतात आणि शिवण सुटते. दर दहा-पंधरा पानांआड कोरा शोषक कागद घालायचा, पुस्तक पंख्याच्या वाऱ्यात उभं उघडं ठेवायचं, कागद ओला झाला की बदलायचा. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई ओल्या पानावर उतरते. पान दमट आहे तोवर पाटाखाली दाबायचंही नाही, नाहीतर पानाला पान चिकटतं. पुरतं कोरडं झालं की मग दाब. बुरशीची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसली तर ती कागदात आणखी आत जाते. ती कोरडी होऊ द्यावी आणि घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने झटकावी.

आता वाक्यं. पहिल्या आठवड्यात खुणा भरमसाट होतात, चाळीसपर्यंत सहज. दोघीही त्या लगेच वहीत घेत नाहीत. आठ दिवस जाऊ देतात आणि मग फक्त खुणा वाचत जातात. तेव्हा चाळीसातली पंचवीस थंड पडलेली असतात. थंड पडणारी वाक्यं बहुधा एकाच जातीची: सुभाषितासारखी, गोल, गुळगुळीत, कुठल्याही पुस्तकात शोभली असती अशी. टिकतात ती जरा ओबडधोबड, त्या पुस्तकाबाहेर अर्धीच कळणारी. एखाद्या म्हाताऱ्याने विड्या मोजून ठेवल्याचं वाक्य, एखाद्या बाईने लुगड्याच्या टोकाने हंड्याचं तोंड पुसल्याचं. महिनाअखेरीला प्रत्येकीच्या वहीत दहा-बारा उतारे उरतात, आणि एवढे पुरेत. तीस झाले की मैत्रीण उजव्या पानावर लिहित नाही, नुसती बरोबरची खूण करते.

उताऱ्यासोबत काय काय जायला हवं, हे त्या वर्षानुवर्षांच्या चुकांतून शिकल्या. पानाचा आकडा पुरत नाही, आवृत्ती लागते. नवी आवृत्ती नव्याने जुळवली की पानं सरकतात आणि 112 वरचं वाक्य 97 वर जातं. त्याखाली, हे वाक्य कुणाच्या तोंडचं. हे सुटलं की अनर्थ होतो. सावकार कुळाला जे ऐकवतो ते लेखकाचं मत म्हणून फिरायला लागतं, आणि एखाद्या नाटकातल्या कपटी माणसाचा गोड संवाद लग्नपत्रिकेवर छापला जातो. मग एका ओळीत, याच्या आधी काय घडलंय. आणि शेवटी, मी इथे का थांबले. ही शेवटची ओळ दोघींना सगळ्यात जड जाते. 'आवडलं' लिहायची मुभा नाही, एवढा एकच नियम त्यांनी तोंडाने बोलून केलाय.

जुन्या पुस्तकांचा आणखी एक पेच. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'मीं' असे आज न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजाग असतात. खानापूरची ते गाळून आजच्यासारखं उतरवायची. अनगोळचीने एकदा उजव्या पानावर एवढंच लिहिलं, 'छापलंय तसं लिही की गं. त्या टिंबांत त्या माणसाचा काळ आहे.' तेव्हापासून जसं छापलंय तसं. मला हे फार योग्य वाटतं. आपण उतारा घेतो तो दुसऱ्याच्या घरातून घेतलेल्या भांड्यासारखा. कल्हई आपल्या आवडीने करून परत द्यायची नसते.

मोबाइलने काम सोपं केलं आणि थोडं बिघडवलंही. पानाचा फोटो काढून मजकूर वेगळा करून देणारी सोय देवनागरी बऱ्यापैकी वाचते, पण झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ती 'घ'चा 'ध' करते, 'भ'चा 'म' करते, 'ष'चा 'प' करते, आणि अनुस्वार तर धुळीचा कण समजून टाकून देते. 'पोरं हसली'चं 'पोर हसली' होतं. एकाच टिंबात अख्खी गल्ली जाऊन एक मुलगी उरते. शिवाय फोटो पानाच्या चौकटीत संपतो. पुढचं पान बघायचं राहून जातं ते इथेच, आणि 112 चं तसंच झालं असावं. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर अक्षरांऐवजी रोमन अक्षरांची खिचडी हातात येते; तिथे हाताने उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. किंडलवर वाचलेलं असेल तर पानाऐवजी बऱ्याचदा लोकेशनचा आकडा मिळतो, तो छापील पुस्तक हातात असलेल्या मैत्रिणीच्या काही कामाचा नाही. तिला प्रकरण सांगावं. किंडलमधल्या खुणांची जी टेक्स्ट फाइल साठत जाते, तिच्यात खूण वाढवली की आधीची तोकडी आणि नंतरची पुरी अशा दोन्ही राहतात. उतरवताना पुरी घेतलीय ना, हे बघावं. इथेही तुटलेलं वाक्य दबा धरून बसलेलं असतं.

खानापूरची कन्नडही वाचते. सरसर नाही, बोट ठेवून, पण वाचते. महिन्यातून दोन-तीन वाक्यं तिच्या वहीत कन्नडमधून येतात, देवनागरीत लिहिलेली, कारण अनगोळचीला बोली कळते, लिपी लागत नाही. आणि इथे एक गंमतीची अडचण उभी राहिली. कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे. आपल्या देवनागरीत त्यांना एकच मात्रा. वहीत वाक्य आलं, त्यात 'बेळे'. ऱ्हस्व म्हटलं तर शेतातलं पीक, दीर्घ म्हटलं तर डाळ. पावसात वाया गेलं ते पीक की डाळ? 'कोडु' लिहिलं तर ते 'दे' की शिंग? खानापूरचीने मग यावर आपलाच तोडगा काढला. दीर्घ असेल तिथे अवग्रह, बेऽळे म्हणजे डाळ, कोऽडु म्हणजे शिंग. नुसतं असेल तर ऱ्हस्व. लहानपणी संस्कृतच्या तासाला आणि आरत्यांच्या पुस्तकात भेटलेली ती वाकडी खूण इतक्या वर्षांनी कन्नडसाठी कामाला आली. भाषांतर ती खाली देते, पण बारीक अक्षरात, आणि आधी मूळ मोठ्याने वाच असं बजावते. दोघी फोनवर ते वाचतात. अनगोळची अडखळते, खानापूरची उच्चार दुरुस्त करते, आणि वाक्य कळण्याआधी कानाला लागतं.

चिकोडीकडच्या एकसंब्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि पत्रांतून मित्रांना पुस्तकांविषयी लिहीत. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार आज छापलेला आहे, आणि वाचणारी दोन माणसं लांबून एकमेकांना किती देऊ शकतात हे त्यात दिसतं. समोरासमोर बसून पुस्तकावर बोलताना आपण लवकर होकार देतो. कागदावर थांबायला जागा मिळते. या मुलखात ते थांबणं लोकांना ठाऊक आहे असं मला वाटतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी या गावांची साहित्य संमेलनं भरतात तेव्हा मांडवात सतरंजीवर शेतातून आलेली माणसं तासन्‌तास बसून ऐकतात. आणि पुस्तकांच्या टेबलाशी एखादी बाई एकच पुस्तक उचलते, मधलं पान काढते, उभ्याउभ्या पुरतं वाचते, मग पर्स उघडते. ज्या भाषेची पाटी दुकानावर असेल की नसेल याचा भरवसा नाही, तिचं वाक्य हातात आलं की माणूस ते जपून धरतो. कदाचित म्हणूनच 112 चा तो चुकलेला पूर्णविराम मला इतका लागला. जपून धरलेली वस्तू हातात अर्धीच आली होती.

दिव्याच्या आवसेला बदललेल्या वह्या परत आल्या तेव्हा अनगोळचीला 113 बद्दल कळलं. ती बराच वेळ पान 112 वरून 113 वर आणि पुन्हा मागे नजर फिरवत राहिली. मग म्हणाली, 'आणि हिने तर एवढं लिहिलंय गं.' खोडायचं की ठेवायचं, यावर दोघी फोनवर बोलल्या. खानापूरचीचं म्हणणं, माझं पान फाड, मी चुकीच्या वाक्यावर लिहिलंय. अनगोळचीला ते मान्य नव्हतं. माझं मत विचाराल तर ते पान राहायलाच हवं. पुस्तकाच्या नावाने ते वाक्य कुणाला सांगू नये, कारण लेखिकेने तसं म्हटलेलं नाही, आणि तिने जे म्हटलंय ते जास्त कठीण आहे: तीच गल्ली, तेवढीच वर्षं, आणि तरी कुणाला काही कळेल याची आशाही नाही. त्या बाईच्या दाराशी कुणी ताटली घेऊन आलं नव्हतं. वहीत आता ही दोन्ही घरं समोरासमोर आहेत, आणि मला त्यातलं एकही मिटवावंसं वाटत नाही.

शेवटी अनगोळचीने वाक्य खोडलं नाही. फक्त 'कळतं'पुढच्या पूर्णविरामाला शेपूट काढून त्याचा स्वल्पविराम केला, आणि खाली उरलेल्या जागेत, ओळीला ओळ लावून, 'असं तिला कधीच वाटलं नव्हतं' लिहिलं. जागा कमी पडली, म्हणून 'नव्हतं' समासात गेलं. पुस्तक सोमवारी वाचनालयात परत गेलं, अकरा चिठ्ठ्या काढून. श्रावणाची नवी वही सुरू झालीय. पहिला उतारा पान 28 चा, वाक्य पानाच्या अगदी मधलं, मागेपुढे चांगल्या दहा-दहा ओळी असलेलं. तरीही आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: पुढचं पान वाचलं.